जुनं नाव ठेवता, मग दाखल्यावरच ठेवा

विदर्भातल्या खेड्यांत हल्ली एकाच बाळाला दोन नावं मिळतात. पाळण्यात घालताना आत्या कानात आजोबांचं नाव सांगते, तुळशीराम, श्रावण, मारोती असं काहीतरी, आणि जन्माच्या दाखल्यावर चढतो विहान, आरव नाहीतर रुद्रांश. म्हातारी माणसं खूश, शाळेत पोराला कोणी हसणार नाही म्हणून आईबाप खूश. ही तडजोड सगळ्यांना शहाणपणाची वाटते. पण जुन्या नावाने पोराचं नुकसान होतं म्हणतात ते मुळात या दोन नावांमुळे होतं. जुनं नाव आवडत असेल तर ते एकच ठेवावं, पूर्ण ठेवावं आणि दाखल्यावर ठेवावं. आवडत नसेल तर पाळण्यातही ठेवू नये. म्हाताऱ्यांची समजूत काढण्याचं काम त्या पोरावर कशाला?

पहिली तक्रार हसण्याची. "हे का पोट्ट्याचं नाव होय? बुढ्यासारखं वाटते!" असं बारशाला आलेल्यांपैकी निम्मे तरी म्हणतात. हे म्हणणारे सगळे मोठे असतात, हे लक्षात घ्या. त्यांनी तुळशीराम नावाचा म्हातारा पाहिलेला असतो, त्याचं धोतर आणि त्याची बिडी त्यांना आठवते. पहिलीत बसलेल्या पोरांनी त्यातलं काहीच पाहिलेलं नसतं. त्यांना तुळशीराम आणि विहान ही दोन्ही नावं सारखीच नवी. वर्गात तीन आरोही असल्या की गुरुजींना आडनावाने हाका माराव्या लागतात. अनसूया एकटीच असते, तिला पहिल्या आठवड्यातच सगळी शाळा ओळखते. पोरं चिडवतात हे खरं, पण ती कोणत्याही नावाला चिडवतात. आरवचा आरव्या व्हायला एक दिवसही लागत नाही.

आणि विदर्भाने तरी विचित्र नावाला हसू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं पाळण्यातलं नाव माणिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या म्हटलं आणि तेच नाव त्यांनी आयुष्यभर मिरवलं. गाडगेबाबांचं नाव डेबूजी, वडिलांचं झिंगराजी. लोकांनी हातातल्या गाडग्यावरून नाव पाडलं. पापळच्या शेतकऱ्याने 1898 साली मुलाचं नाव पंजाब ठेवलं, तेच पंजाबराव देशमुख पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. आज नागपूर, अमरावती आणि अकोल्याच्या विद्यापीठांना हीच नावं आहेत. पदवीच्या कागदावर तुकडोजी छापलेलं असतं तेव्हा कोणी हसत नाही. तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात.

पण म्हणून जुनं तेवढं चांगलं, असं नाही. इथे जरा थांबून पाहायला हवं, कारण जुनी नावं एका जातीची नाहीत. शब्दशः आणि दुसऱ्या अर्थानेही.

काही नावं भीतीतून आली. पाठोपाठ लेकरं दगावली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, उकंडा ठेवायचे. लेकरू क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलायचं, किंवा शेजारणीला एका कवडीला विकून परत घ्यायचं, त्यातून कवडू. दृष्ट लागू नये, मृत्यूला ते फेकलेलं वाटावं, एवढाच हेतू. आईच्या जिवाची तगमग होती ती. असं नाव आज पणजोबांच्या आठवणीने कोणी ठेवत असेल तर ठेवू द्यावं, पण पोराला त्यामागची हकीकत चार-पाच वर्षांचा असतानाच सांगून ठेवावी. वर्गात कोणी "उकिरडा" म्हणून चिडवलं तर त्याच्याजवळ सांगायला गोष्ट असली पाहिजे. भीतीची नावं एक गोष्ट, तिरस्काराची वेगळी. नकोशी, नकुसा ही नावं परंपरा म्हणून सांगायची नसतात. 2011 साली सातारा जिल्हा परिषदेने अशा शेकडो मुलींची नावं बदलली, तो निर्णय योग्यच होता.

तिसरा प्रकार लिहिणाऱ्याने पाडलेल्या नावांचा. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या, नकला जात पडताळणीमुळे आता घरोघरी पोचल्या आहेत. त्या नीट वाचा. एका घरचा माणूस गणपतराव, दुसऱ्या घरचा गणपत, आणि गावकुसाबाहेरचा नुसता गण्या. नाव तिघांचं एकच. राव कोणाला लावायचा आणि 'या' कोणाला, हे लेखणी धरणाऱ्याने ठरवलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाल्यावर लाखो घरांनी सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा, संघमित्रा, महामाया, नागसेन ही नावं घेतली, त्यामागे हाही हिशोब होता. कोणीतरी पाडलेलं नाव टाकून आपण निवडलेलं नाव घेणं. त्यामुळे "जुनी नावं हा आपला वारसा" हे वाक्य सरसकट सगळ्यांना ऐकवू नये. ज्याच्या आजाला गावाने राव लावून हाक मारली त्याला ते सोपं जातं. गंमत अशी की त्या निवडलेल्या नावांनाही आता सत्तरी आली. वर्धा-यवतमाळकडच्या तरुण आईबापांना यशोधरा, नागसेन जुनाट वाटू लागली आहेत आणि तिथेही आरव शिरला आहे. माझ्या मते परत आणण्यासारखी जुनी नावं विदर्भात कोणती असतील तर सगळ्यांत आधी ही. कारण ती ठेवली तेव्हा विचार करून ठेवली होती.

गडचिरोली-गोंदियाकडची सोमा, मंगरू, बुधा, सुकरू, चैतू, फागू ही नावं वाराची आणि महिन्याची. आश्रमशाळेतून शिकून आलेल्या पोरांना त्यांची लाज वाटते, आणि दोष त्यांचा नाही. पण शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात गुरुजींनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून किंवा 1 जुलै लिहून टाकलेली असते. त्या पानावर फागू नावाच्या मुलाचा जन्म फाल्गुनातला, एवढं तरी त्याचं नाव खरं सांगतं. तारीख खोटी, नाव खरं.

आता कागदाकडे, कारण बहुतेक नावं तिथेच बिघडतात.

जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, आणि ती जिथे जन्म झाला तिथे होते. बाप जिथे राहतो तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपला रिवाज. म्हणजे दारव्ह्याच्या घराण्यातलं लेकरू पुसदच्या दवाखान्यात जन्मलं तर नोंद पुसदची. नाव चढवायला, चूक दुरुस्त करायला तिथेच जावं लागेल. हे ठाऊक नसल्यामुळे लोक आपल्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकापुढे तासन् तास बसून राहतात.

दवाखान्यात बाळ 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव असं नोंदलं जातं. लसीकरणाच्या कार्डावरही तेच. जन्माच्या अहवालात बाळाचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. नाव नसताना नोंद होते आणि दाखल्याची पहिली प्रत विनामूल्य मिळते. ही मोकळीक कायद्याने मुद्दाम ठेवली आहे. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत आईबापांनी नाव कळवलं तर ते फुकट चढतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तरी काय होतं? डिस्चार्जच्या दिवशी नर्स विचारते, "नाव काय ठेवता? सांगा लवकर." बाप फोनवर साळ्याला विचारतो, साळा मोबाईलवर पाहून 'रेयांश' सांगतो, आणि तेच चढतं. बारशाला अजून आठ दिवस असतात. बारशात घरातली माणसं बसून श्रावण ठरवतात. झाली दोन नावं. एकदा चढलेलं नाव मग सहज निघत नाही: लेखनातली चूक निबंधक पुरावे पाहून दुरुस्त करतो, पण रेयांशचा श्रावण ही चूक नव्हे, तो बदल झाला. म्हणून नाव पक्कं ठरलं नसेल तर ती जागा कोरी सोडा. "बारशानंतर कळवतो" म्हणायला काहीही हरकत नाही. फक्त बारसं झालं की त्याच महिन्यात जाऊन कळवा. कोरा दाखला पेटीत ठेवून विसरला की शाळेच्या वेळी धावपळ ठरलेली.

पूर्वी ही दोन नावं खपून जात. गावात तुळश्या, शाळेत तुषार, कोणाचं काय बिघडलं? 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जातो. दाखल्यावरचं नाव आधारवर जातं, आधारवरचं शाळेच्या पोर्टलवर, तिथून दहावीच्या गुणपत्रिकेवर. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातला एक बदल आईबापांच्या हौसेपायी पाच वर्षांच्या आतच खर्ची पडलेला असतो. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेच्या जनरल रजिस्टरात दुरुस्ती करून घेता येते. त्यानंतर राजपत्र, प्रतिज्ञापत्र, बोर्ड असा फेरा. राजपत्रात नाव बदललं तरी जन्मनोंदीतलं जुनं नाव आपोआप पुसलं जात नाही, मग दोन्ही कागद जोडून फिरायचं.

जुन्या पिढीने हे भोगलेलं आहे. कोतवाल बुकात गणू, दाखल-खारीजमध्ये गणपत, सातबारावर गणपतराव: माणूस एकच, पण जात पडताळणी समितीपुढे ते सिद्ध करायला नातवाला वंशावळ आणि प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. जुन्या नावांना तेव्हा पक्कं रूप नव्हतं, कारण ती बोलायची नावं होती, लिहायची नव्हती. तीच नावं आज ठेवायची तर त्यांना एक लेखी रूप ठरवून देणं आलं.

इथेच सगळ्यात जास्त घोळ. मारोती सांगितलं की कारकून मारुती लिहितो. पार्वताची पार्वती होते, रुखमाची रुक्मिणी, द्रौपदाची द्रौपदी. तो वाईट हेतूने करत नाही. त्याला वाटतं खेड्यातल्या माणसाचं आपण शुद्ध करून दिलं. पण पार्वता हे अशुद्ध पार्वती नाही. ते या मुलखातलं स्वतंत्र, नांदतं नाव आहे आणि ते तसंच लिहून घेण्याचा आईबापाला हक्क आहे. नोंदणी अधिकाऱ्याचं काम सांगितलेलं लिहिणं, व्याकरण सुधारणं नव्हे. व्यवहारात उपाय एकच: नाव तोंडी सांगू नका. कागदावर मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरात लिहून न्या, आणि छापण्याआधी संगणकावर वाचून पाहा.

इंग्रजी रूप तर आधी घरीच ठरवा. ज्ञानेश्वर 'डी' ने सुरू करायचा की 'जी' ने, श्रावणातला व 'व्ही' ने की 'डब्ल्यू' ने, नामदेवचा देव 'डी-ई-व्ही' की आपल्याकडे जुन्या कागदांवर दिसतो तसा 'डी-ई-ओ'? यातलं काहीही चालतं, पण एकच. बापाच्या आधारवर वडिलांचं नाव 'डी-ई-ओ' असेल आणि नातवाचं तेच नाव 'डी-ई-व्ही' असेल तर पुढे कुठल्यातरी छाननीत शंका निघते. दुसरी एक गोष्ट अलीकडची. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. निर्णय चांगलाच. पण तुळशीराम चंद्रभागा ज्ञानेश्वर आणि पुढे आडनाव असं झालं की अर्जातले चौकोन संपतात, आणि चौकोन संपले की भरणारा स्वतःच्या मनाने नाव तोडतो. आईबापांची नावं लांब असतील तर बाळाला जुन्यातलंच आखूड नाव पाहावं. श्रावण, वामन, केशव, सोमा, गिरजा, मुक्ता, जना, रमा. जुनं म्हणजे लांबच, असं थोडंच आहे?

हाकेचं काय? त्या नावाने धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक मारून पाहावी. शेवटचं अक्षर दीर्घ ओढता आलं पाहिजे. गिरजाऽऽ पोचतं, वामनऽऽ पण पोचतं. मग त्याचं छोटं रूप काय होईल ते पाहावं, कारण ते होणारच. नामदेवचा नामा झाला तर उत्तम. गणपतचा गंप्या होणार आणि गंप्या हा विनोदांतला गडी आहे. पांडुरंगाचा पांडू झाला की लोकांना हवालदार आठवतो. नाव टाकायची गरज नाही. घरच्यांनी पहिल्या दिवसापासून रंगा म्हणायला सुरुवात केली की गाव रंगाच म्हणतं. छोटं रूप आपण नाही ठरवलं तर वर्गातली पोरं ठरवतात. झिंगराजीसारख्या नावाला मात्र आजच्या कानाला दारूच ऐकू येते. गाडगेबाबांच्या वडिलांबद्दल कितीही आदर असला तरी ते ओझं लेकरावर टाकू नये, असं मला वाटतं.

आजोबाचं नाव ठेवताना एक अडचण कोणी बोलून दाखवत नाही. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. मग आईच स्वतःच्या लेकराला नावाने हाक मारत नाही. ती बाबू म्हणते, दादा म्हणते, सगळं घर बाबू म्हणतं, आणि तुळशीराम फक्त दाखल्यावर उरतो. पोरगा पहिलीत हजेरीच्या वेळी स्वतःचं नाव ओळखत नाही. म्हणून बारशाच्या आधी घरात बसून विचारावं: हिने हे नाव तोंडाने घेतलेलं चालेल का? सासूने "हो" म्हटलं पाहिजे, सगळ्यांसमोर म्हटलं पाहिजे. नाही म्हणत असेल तर ते नाव ठेवू नये. ज्या नावाने आई हाक मारू शकत नाही ते नाव काय कामाचं?

आजीचं नाव ठेवायचं असेल तर प्रश्न निराळा. कोणतं नाव? लग्नात नाव बदललेल्या बायांची माहेरची नावं कुठल्याही कागदावर नाहीत. रेशनकार्डावर शांताबाई असलेली आजी माहेरी पंचफुला असू शकते. आजी असेल तर तिलाच विचारा, नसेल तर तिच्या भावाच्या घरी विचारा. एखादी वहिनी, एखादी मावसबहीण सांगते. नातीला ते माहेरचं नाव द्यावं. सासरचं नाव लोकांनी दिलेलं, तेही बहुधा तिला न विचारता. आणि नातीच्या लग्नात तांदळात नवं नाव लिहायची वेळ आली तर नाव बदलायची कायद्याने काही सक्ती नाही, हेही तिच्या बापाला आताच माहीत असलेलं बरं. मुलींच्या नावांसाठी लांब जायला नको तसंही. रुक्मिणीचं माहेर आपण कौंडण्यपूरला मानतो; दमयंती, लोपामुद्रा, इंदुमती या तिघी विदर्भकन्या; रिद्धपूरशी जोडलेली महदंबा मराठीतली आद्य कवयित्री; चांद्याची राणी हिराई. हिराई नावाची मुलगी आज एखाद्या तालुक्यात शोधून सापडेल की नाही, शंकाच आहे. साधं, दोन-तीन अक्षरांचं, हाकेला सोपं नाव, आणि इतिहासही घरचा.

राशीच्या अक्षराबद्दल थोडक्यात. 27 नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. त्यात ङ, ञ, ण सुद्धा येतात, ज्यांच्यावरून नाव निघूच शकत नाही. म्हणून जन्मनाव आणि व्यवहाराचं नाव वेगळं ठेवायची सोय जुन्या लोकांनीच करून ठेवली होती. जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, ते कोणत्याही सरकारी कागदावर जात नाही. अक्षर 'रे' आलं म्हणून आजोबांचा श्रावण सोडून रेयांश करणं हे ज्योतिषालाही अपेक्षित नाही.

राहिला शासनाचा भाग. जन्मनोंदीच्या संगणकावर नाव चढवणाऱ्याने 'सबमिट' दाबण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखवावं आणि आईबापाने, शक्यतो आईने, होकार द्यावा, एवढा एक नियम जरी दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत पाळला तरी पार्वतांच्या पार्वती होणं थांबेल. डिस्चार्जच्या घाईत नाव मागणं बंद करावं. मातेला घरी सोडताना "नाव एका वर्षात कळवा, पैसे लागत नाहीत, इथेच यायचं" एवढं तीन ओळींत छापलेली चिठ्ठी द्यावी. आशाताई बाळाला पाहायला घरी जातातच. बाळाच्या वजनाबरोबर तिने "नाव चढवलं का, आणि घरात जे म्हणता तेच चढवलं का?" हेही विचारावं.